चौथा स्टॉपर

कृष्णकांत पाचखेडे यांनी उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता, तरी पिपरी मेघेच्या नवप्रभात क्रीडा मंडळाचा फुटबॉल संघ त्यांच्याच जिवावर चालत होता. ते एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मुख्य लिपिक. तरुणपणी मंडळाच्या गणेशोत्सवात मांडव सांभाळायला म्हणून गेले आणि तिथून कधी फुटबॉलकडे ओढले गेले, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. मुलं त्यांना काकाजी म्हणत. गाडी ठरवणं, जर्सी धुऊन आणणं, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा कापूस वेचायचा राहिला आहे, कोणाची परीक्षा कधी सुरू होते, हे सगळं काकाजींच्या डोक्यात असे. मैदानावरचं शिकवणं कप्तान बघत असे. संघात कोण आणि बाहेर कोण, हा शेवटचा शब्द मात्र काकाजींचा.

मंडळाने आजवर आष्टीची स्पर्धा जिंकली नव्हती. अंतिम सामन्यापर्यंतही कधी पोचलं नव्हतं. जानेवारीत तिथे सामने भरतात, आसपासच्या गावांतून लोक येतात, मैदानाच्या कडेला बैलगाड्यांपासून मोठ्या गाड्यांपर्यंत काय काय उभं असतं. उन्हाळ्यानंतर कृष्णकांतजी हे काम दुसऱ्याच्या हाती देणार होते. घरी मीराबाईंना त्यांनी तसा शब्द दिला होता. म्हणून हे वर्ष त्यांना हवं होतं. तोंडाने ते बोलत नसत, पण डिसेंबरपासून जेवताना त्यांचं लक्ष ताटात नसायचं.

"तुम्ही भाजीत मीठ आहे की नाही ते तरी सांगत जा," मीराबाई म्हणायच्या. त्या शाळेत गणित शिकवत.

"आहे."

"नाहीये. मुद्दाम घातलं नाही."

त्यांच्या डोक्यात त्या वेळी स्टॉपर घोळत असत. गोलकीपरच्या पुढे, बचावाच्या मधोमध जे दोघं उभे राहतात त्यांना आपल्याकडे स्टॉपर म्हणतात. पुढच्या फळीतला खेळाडू चुकला तर लोक हळहळतात. स्टॉपर चुकला तर गोल होतो. जागा दोन असल्या तरी एखाद्याचा पाय मुरगळतो, एखाद्याला पंच बाहेर काढतो. मग संघात स्टॉपर किती असावेत? कृष्णकांतजी आजवर चार नेत आले होते. दोघं खेळणारे, एक बदली आणि एक कशाकशासाठी. हा कशाकशासाठीचा स्टॉपर म्हणजे रूपराव ढोबळे.

रूपराव पिपरीत आटाचक्की चालवायचा. चाळिशीला टेकलेला, खांद्याने रुंद, बोलायला संथ. एके काळी तो मंडळाचा पहिला स्टॉपर होता. मग बोरगाव मेघेच्या उमाटेंचं पोर कैलास आलं आणि रूपराव दुसरा झाला. कैलासच्या मागोमाग त्याचे चुलतभाऊ ऋतिक आणि पियुष आले, तसा रूपराव तिसरा झाला आणि मग चौथा. तक्रार म्हणून त्याने कधी केली नाही. रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचा, सरावात घाम गाळायचा, गाडीत मागच्या सीटवर बसून स्पर्धेला यायचा आणि बाकावरून सामना बघून परत जायचा. मागच्या वर्षभरात तो एकूण अर्धा सामना खेळला असेल.

आणि उमाटेंची तिघं पोरं म्हणजे भिंत होती. लोक तोच शब्द वापरत. बोरगावच्या कडेला, जिथे वस्ती संपून शेतं सुरू होतात, तिथे त्यांचं एकत्र घर. एकाच अंगणात वाढलेली, एकाच मोटरसायकलवर तिघं बसून सरावाला येणारी. मैदानावर त्यांना एकमेकांना हाक मारावी लागत नसे. कैलास पुढे सरकला की त्याने सोडलेल्या जागेत पियुष नाहीतर ऋतिक आपोआप येऊन उभा. आर्वीचा एक जुना खेळाडू एकदा कृष्णकांतजींना म्हणाला होता, "तुमचे स्टॉपर दोन नाईत बाबू, एकच हाय, त्याले चार पाय हायेत." कृष्णकांतजींनी ही गोष्ट घरी येऊन दोनदा सांगितली होती.

या वर्षी आष्टीच्या स्पर्धेत प्रत्येक संघाला सोळाच खेळाडू आणता येणार होते. आधी अठरा असत. आणि मंडळाकडे देवेंद्र नावाचा नवा मुलगा आला होता, पुढच्या फळीतला, हरणासारखा पळणारा. त्याला घ्यायचं तर कोणाला तरी वगळायला हवं होतं. कृष्णकांतजींनी आठवडाभर विचार केला. उमाटेंच्या तिघांच्या परीक्षा नव्हत्या. गुडघे धडधाकट होते. उमाटेंची कापसाची वेचणी आटोपत आली होती. घरात लग्न नव्हतं. दोन जागांना तीन माणसं. पुरे होती.

मग ते चक्कीवर गेले. रूपराव ज्वारीचं दळण काढत होता. भुवयांवर पीठ बसलं होतं.

"रूपराव, यंदा आष्टीला सोळाच न्यायचे आहेत."

रूपरावने पट्टा थांबवला. आवाज बंद झाल्यावर तिथे एकदम मोकळं मोकळं वाटलं.

"मंग?"

"मग स्टॉपर तीनच घेतो म्हणतो."

"हाव. तीन पुरतेत," रूपराव म्हणाला. थोडा वेळ तो डब्यातलं पीठ हाताने सारखं करत राहिला. "देवेंद्रले घेऊन राह्यले का?"

"हो."

"घ्या. चांगला पयते पोट्टा."

एवढंच बोलणं झालं. कृष्णकांतजी पायऱ्या उतरले तेव्हा मागे चक्की परत सुरू झाली. रूपराव आणखी काही बोलला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पुढच्या रविवारी तो मैदानावर आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कृष्णकांतजींनी ते पाहिलं, आणि स्पर्धा झाली की त्याच्या घरी जाऊन बसायचं असं मनाशी ठरवलं.

आष्टीला सगळं ठरल्यासारखं होत गेलं. पहिला सामना देवेंद्रच्या गोलवर जिंकला. दुसऱ्यात पियुषच्या घोट्याला लागलं, तर ऋतिक आत गेला आणि कोणाला फरक कळला नाही. उपांत्य सामन्यात शेवटची सगळी मिनिटं चेंडू मंडळाच्याच गोलसमोर होता आणि कैलासने तो चार वेळा डोक्याने बाहेर काढला. मंडळ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचलं. परतताना गाडीत पोरं इतकी ओरडत होती की ड्रायव्हरने तळेगावच्या पुढे गाडी थांबवून सगळ्यांना खाली उतरवलं आणि म्हणाला, "चिल्लावून घ्या आंधी, मंग बसा."

अंतिम सामना रविवारी होता. गुरुवारी सकाळी कृष्णकांतजी कार्यालयात पोचतात न पोचतात तोच कैलासचा फोन आला.

"काकाजी, आजी गेली."

विमलाबाई उमाटे. कैलासची आजी, त्याचे वडील नत्थूजी यांची आई. नव्वदीच्या पुढची, अंथरुणाला फारशी न खिळलेली. कृष्णकांतजींनी तिच्या हातचा चहा कितीदा तरी घेतला होता. "लेकराइले मारत तं नाई ना कोणी तिथं?" असं ती प्रत्येक वेळी विचारायची. ते फोन कानाला धरून उभे राहिले. वाईट वाटलं, खरोखर वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ, त्यांना नको असताना, दुसरी गोष्ट लक्षात आली. सुतक. दहा दिवस. तिघांनाही.

त्यांनी तीन स्टॉपर मोजले होते. परीक्षा विचारली, गुडघे विचारले, वेचणी विचारली, लग्न विचारलं. तिघांचं सुतक एक आहे हे मात्र त्यांच्या मनात आलं नव्हतं. खरं तर ते माहीत नव्हतं असं नाही. ज्या गोष्टीचं त्यांना कौतुक होतं, तीच ही गोष्ट होती. एक अंगण, एक मोटरसायकल, एक भिंत. अशी भिंत पडते तेव्हा तिची एखादी वीट मागे राहत नाही.

दुपारी ते मोक्षधामावर गेले. नंतर उमाटेंच्या अंगणात इतरांबरोबर बसले. नत्थूजी भिंतीला टेकून बसले होते, उघड्या अंगावर पंचा. येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत होते. सकाळी उठली, पाणी मागितलं, दोन घोट घेतले. नत्थूजींची बायको जयवंताबाई आतून मधेच हुंदका देत होती. कोणी फुटबॉलचं नाव काढलं नाही, आणि ते काढू नये हे कृष्णकांतजींनाही कळत होतं. पण त्यांच्या मनात रविवार होता. आपण एका म्हातारीच्या दारात बसून रविवारचा विचार करतो आहोत याची त्यांना लाज वाटली. विचार त्यामुळे थांबला नाही.

निघाले तेव्हा फाटकाशी ऋतिक मागून आला. विशीतला, तिघांत धाकटा. डोळे सुजलेले.

"काकाजी, मी येतो रविवारी."

"काय?"

"आष्टीले. घरी नाई सांगत. शेतात जातो म्हणतो. तुम्ही मले रस्त्यावरून उचला फक्त." त्याने मागे वळून पाहिलं. "आजी मले म्हणे, कप आणजो. मी आणतो म्हणलं तिले."

कृष्णकांतजी मनात हिशेब करू लागले. आष्टी लांब होती, घरी लगेच कळणार नव्हतं. ऋतिक एकटा जरी आला तरी बचाव निम्मा सावरला असता. या पोराला स्वतःहून यायचं आहे, आपण मागितलेलं नाही. आणि आजीची इच्छा होती म्हणतो. इतकं सगळं एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला फक्त नत्थूजी होते, भिंतीला टेकलेले, आल्यागेल्याला दोन घोटांचं सांगणारे. सामन्याचं चित्रण कोणीतरी फोनवर घेणारच होतं. ते संध्याकाळपर्यंत बोरगावात पोचलं असतं. आईच्या चौथ्या दिवशी घरातलं पोर आष्टीच्या मैदानावर पळतंय, हे त्यांनी या अंगणात बसून पाहिलं असतं. आणि कैलास आणि पियुषनेही पाहिलं असतं.

"घरी बस, ऋतिक," ते म्हणाले.

"काकाजी, तुम्ही इतके वर्षं..."

"माझं काय ते मी बघतो. तू नत्थूकाकांजवळ जाऊन बस. त्यांना पाणी दे."

ऋतिक गेला. कृष्णकांतजींनी गाडीला किल्ली लावली.

तिथून ते सरळ चक्कीवर आले. स्पर्धेच्या लोकांशी त्यांनी फोनवर आधीच बोलून घेतलं होतं. अंतिम सामन्याआधी नावं बदलता येत नसत, पण सुतक म्हटल्यावर आयोजक नाही म्हणाले नाहीत, आणि समोरच्या, आर्वीच्या संघाच्या माणसाने तर, "आमची कायची हरकत, पाचखेडे बाबू, आमच्याइथंही माणसंच राह्यतेत," असं म्हटलं होतं. आता फक्त रूपराव हो म्हणायला हवा होता. तो रागावला असेल, टोमणा मारेल, याची त्यांनी तयारी केली होती.

रूपराव चक्कीत नव्हता. बाहेर खाटेवर बसून जिलबी खात होता. शेजारी त्याची बायको मोहिनी.

"या काकाजी. ऐकलं म्या. लय चांगली होती म्हातारी." त्याने कागद पुढे केला. "घ्या."

कृष्णकांतजींनी जिलबी घेतली नाही. "रूपराव, रविवारी यावं लागतं."

रूपरावने बोटं पुसली. मोहिनी हसली. "आता आठवण आली का यायची?" ती म्हणाली, पण तिच्या बोलण्यात विष नव्हतं.

"येतो ना," रूपराव म्हणाला. "काऊन नाई येणार? पण एक सांगतो काकाजी, तुम्ही मंग मले म्हणजा नोको. मी आता तो नाई राह्यलो."

"महिना दीड महिना तर झाला."

"हाव, पण म्या सोडून देल्लं ना. रविवारी हिच्या माहेरी जातो. पुऱ्या खातो. झोपतो दुपारी." त्याने स्वतःच्या पोटावर थाप मारली. "पह्यले आठवडे वाईट वाटलं, खोटं कायले बोलू. चक्की बंद करून बसलो होतो एक दिवस. मंग पाह्यलं तं मजा येऊन राह्यली."

"सोळा वर्षांत पह्यल्यांदा रविवारी घरी चहा प्याला यायनं," मोहिनी म्हणाली. "मले तं वाटलं पाहुणाच आला कोणी."

कृष्णकांतजी खाटेच्या कडेला टेकले. त्यांनी रूपरावला दुखावलं असेल या विचाराने ते महिनाभर अस्वस्थ होते. दुखावला होता, हे खरं. पण आता तो सुखात होता, आणि हे त्यांना जास्त अडचणीचं वाटलं. चौथा स्टॉपर म्हणजे खुंटीला अडकवलेली जर्सी आहे, लागली की काढायची, असं ते आजवर धरून चालले होते. पण कधीच न येणाऱ्या सामन्यासाठी हा माणूस वर्षानुवर्षं आपले रविवार, आपलं जेवण, आपली झोप राखून ठेवत होता. त्यांनी सोड म्हटलं आणि त्याने सोडलं. ते राखणं एका गुरुवारी संध्याकाळी येऊन परत मागता येत नाही.

"अर्धा सामना काढशील?" त्यांनी विचारलं.

"अर्धा काढीन," रूपराव विचार करून म्हणाला. "पुऱ्याचं देवाच्या हाती."

रविवारी आष्टीला ऊन कोवळं होतं आणि गर्दी दाट. रूपरावच्या जोडीला मधल्या फळीतला एक मुलगा स्टॉपर म्हणून उभा केला होता. रूपराव त्याला सामनाभर हाताने इकडे सरक, तिकडे सरक असं सांगत होता. पळत तो फारसा नव्हता. चेंडू कुठे पडणार ते ओळखून आधीच तिथे जाऊन उभा राहायचा, अंग आडवं घालायचा, समोरच्याला हळूच बाजूला लोटायचा. बाकावर बसलेल्या कृष्णकांतजींना तो पुन्हा पंचवीस वर्षांचा दिसला. मध्यंतराच्या थोडं आधी देवेंद्र दोघांमधून निसटला आणि त्याने गोल केला. गाडीतून आलेली सगळी पिपरी नाचली. रूपराव मात्र कमरेवर हात ठेवून वाकून उभा होता.

"बदलू का?" कृष्णकांतजींनी मध्यंतरात विचारलं.

"कोणाले आणता?" रूपराव म्हणाला.

कृष्णकांतजींनी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या भागात रूपरावच्या मांडीत गोळा आला. तो पडला, उठला, पाय ओढत उभा राहिला. आर्वीच्या मुलांनी ते ओळखलं आणि चेंडू त्याच्याच बाजूने टाकायला लागली. त्यांचा पहिला गोल झाला तेव्हा तो दोन पावलं मागे राहिला होता. दुसऱ्यांदा गोळा आला तेव्हा त्याला उचलून बाहेर आणावं लागलं. त्याच्या जागी एक फॉरवर्ड गेला. त्याने काय करायचं ते त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. सामना संपत आला असताना दुसरा गोल झाला.

कृष्णकांतजी उठून रूपरावजवळ गेले. तो गवतावर पडून पाय वर धरून होता, आणि पोटरीला मीठपाणी लावणाऱ्या मुलाला सांगत होता, "मांडीले लाव बे, मांडीले."

"माफ कर," कृष्णकांतजी म्हणाले.

"कायले?" रूपराव म्हणाला. "देवेंद्र नसता तं आपण इथं आलोच नसतो. तुमचंही चुकलं नाई पुरं."

ते "पुरं" त्यांना लागलं, आणि बरंही वाटलं.

परतताना त्यांनी गाडी बोरगावला थांबवायला सांगितली. दिवस मावळत होता. सगळा संघ जर्सीवर शाली, टॉवेल पांघरून उमाटेंच्या अंगणात बसायला गेला. रूपराव दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत आला.  शेवटी नत्थूजींनीच विचारलं.

"काय झालं मंग तिकडे?"

"हरलो. दोन-एक," कृष्णकांतजी म्हणाले.

नत्थूजींनी मान हलवली. त्यांनी कैलासकडे पाहिलं, मग पियुषकडे, मग ऋतिककडे. "हा गुरुवारपासून बोलत नाई माह्यासंग," ते ऋतिककडे बोट करून म्हणाले. "काय झालं म्हणतो तं सांगत नाई."

ऋतिकने खाली पाहिलं. कृष्णकांतजी म्हणाले, "आजीचा लाडका होता ना. वेळ लागेल."

उन्हाळा सरला तरी कृष्णकांतजींनी काम दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. मीराबाईंनी शब्दाची आठवण करून दिली. त्यांनी एक वर्ष मागून घेतलं आणि ते मिळालं, कारण मीराबाईंना ते मागणार हे माहीत होतं. पुढच्या वर्षी स्टॉपर चार आणि चौथा दुसऱ्या घरचा, इतकं त्यांनी पक्कं केलं. उमाटेंच्या तिघांपैकी एकाला कमी करावं, असंही एकदा मनात आलं होतं. पण त्या मोटरसायकलवरून एकाला उतरवायचं त्यांच्याने झालं नाही.

आकडा ठरला. माणूस मिळेना. तरुण मुलांना त्यांनी विचारून पाहिलं. खेळायला मिळेल का, असं प्रत्येकाने विचारलं, आणि बहुतेक नाही, हे ऐकल्यावर प्रत्येकाला काही ना काही काम निघालं. त्यात त्यांची चूक नव्हती. शेवटी एका संध्याकाळी ते पुन्हा चक्कीवर गेले.

"खेळवणार हाय का?" रूपरावने विचारलं.

"बहुतेक नाही."

"कप?"

"तेही सांगता येत नाही."

रूपरावने मोहिनीकडे पाहिलं. ती गव्हातले खडे वेचत होती. तिने मान वर केली नाही.

"मयन्यात दोन रविवार माह्या माहेरचे," ती म्हणाली. "दोन तुमचे. ज्या मयन्यात पाच येतेत, तो पाचवा घरचा."

कृष्णकांतजींनी क्षणभर विचार केला. अर्धा तयार स्टॉपर. यापेक्षा जास्त मागायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटेना.

"ठीक आहे," ते म्हणाले. "येत्या रविवारी कोणाचा नंबर?"

"आमचा," मोहिनी म्हणाली.